समतोल संहतीचं एकच गणित, उत्तरं तीन आणि ताळे दोन

मिरकरवाडा_ताई (रत्नागिरी)

अकरावीच्या शिकवणीत घातलेलं गणित असं:

२ लिटरच्या बंद फ्लास्कमध्ये २५ अंश सेल्सिअसला ०.३० मोल डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड घेतला. एका टेट्रॉक्साइड रेणूचे दोन नायट्रोजन डायऑक्साइड होतात. केसी (संहतींवरून काढलेला समतोल स्थिरांक) = ०.००४६३. समतोलाला दोन्हींच्या संहती काढा.

डायऑक्साइडची तीन उत्तरं आली. पहिलं ०.०३६१, दुसरं ०.०२६४, तिसरं ०.०२५२ मोल प्रति लिटर. तिसरं बरोबर हे मला कळतं. अडचण अशी की पहिल्या दोघांनी उत्तर परत केसीत घालून ताळा केला आणि दोघांचाही ताळा जुळला. ‘ताळा जुळला तरी उत्तर चुकीचं कसं?’ याचं मुलांना पटेल असं कारण हवं आहे.

दुसरी शंका. सुरुवातीलाच ०.१०० टेट्रॉक्साइड आणि ०.०५० डायऑक्साइड (दोन्ही मोल प्रति लिटर) असलं, आणि टेट्रॉक्साइड ‘क्ष’ने कमी होतो असं धरलं, तर वर्गसमीकरणाची दोन्ही मुळं ऋण येतात. मांडणी चुकली म्हणायची का?

तिसरी शंका. छेदातला क्ष सोडून द्यायला कुणी ‘५ टक्के’ सांगतं, कुणी ‘संहती भागिले स्थिरांक ४०० च्या वर हवं’ म्हणतं. इथे नक्की कोणता नियम लावायचा?

सुरूबन (मुरूड)

ताई, आधी तिसरं उत्तर पूर्ण मांडतो, मग बाकीच्या दोघांचे ताळे कसे जुळले ते.

०.३० मोल २ लिटरमध्ये, म्हणजे सुरुवातीची संहती ०.१५०. टेट्रॉक्साइड क्षने घटला तर डायऑक्साइड २क्ष होतो. समतोलाला टेट्रॉक्साइड ०.१५० − क्ष, डायऑक्साइड २क्ष.

(२क्ष)² ÷ (०.१५० − क्ष) = ०.००४६३

४क्ष² + ०.००४६३क्ष − ०.०००६९४५ = ०

मुळं दोन: ०.०१२६१ आणि −०.०१३७७. ऋण मुळाने डायऑक्साइडची संहतीच ऋण होते, ते सोडा. क्ष = ०.०१२६१. डायऑक्साइड ०.०२५२२, टेट्रॉक्साइड ०.१३७३९.

पहिल्या मुलाने २ ने भागलंच नाही. ०.३० हीच संहती धरली. त्याचा डायऑक्साइड ०.०३६१३ आणि टेट्रॉक्साइड ०.२८१९४. आता ०.०३६१३ चा वर्ग भागिले ०.२८१९४ करून बघा, ०.००४६३ च येतं. येणारच, कारण त्याने सोडवलेलं समीकरण बरोबर सोडवलं आहे, फक्त ते १ लिटरच्या फ्लास्कचं आहे. केसीचा ताळा बीजगणित तपासतो. फ्लास्क किती लिटरचा होता हे त्याला ठाऊक नसतं.

म्हणून दुसरा ताळा हवा, अणूंचा. टेट्रॉक्साइडच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू, डायऑक्साइडच्या रेणूत एक. म्हणजे ‘टेट्रॉक्साइडची दुप्पट अधिक डायऑक्साइड’ ही बेरीज अभिक्रिया कितीही पुढे-मागे सरकली तरी बदलत नाही. दिलेल्या माहितीवरून ती किती हवी? ०.३० मोल टेट्रॉक्साइड म्हणजे नायट्रोजनचे ०.६० मोल अणू, २ लिटरमध्ये, म्हणजे ०.३० प्रति लिटर. तिसऱ्या उत्तरात २ × ०.१३७३९ + ०.०२५२२ = ०.३००००. जमलं. पहिल्या उत्तरात २ × ०.२८१९४ + ०.०३६१३ = ०.६०००. दुप्पट! चूक उघडी पडली.

एक पथ्य: ही बेरीज मूळ माहितीवरून, म्हणजे मोल आणि लिटरवरून काढायची. सुरुवात-बदल-समतोल अशा ओळींच्या तक्त्यातल्या ‘सुरुवात’ ओळीवरून काढली तर त्या ओळीतली चूकच परत ताळ्यात येते आणि सगळं छान जुळल्यासारखं दिसतं.

दुसऱ्या मुलाचं उलटं झालं आहे. त्याने छेदातला क्ष सोडला, ४क्ष² ÷ ०.१५० = ०.००४६३ घेतलं, क्ष = ०.०१३१८ आला. ताळ्यालाही छेदात ०.१५० च घातले असणार, म्हणून जुळलं. ज्या समीकरणातून उत्तर काढलं त्यातच ते परत घातलं, तो ताळा नव्हे. छेदात खरी उरलेली संहती घालायला हवी: ०.१५० − ०.०१३१८ = ०.१३६८२. मग भागाकार ०.००५०८ येतो, दिलेल्या केसीपेक्षा जवळजवळ १० टक्के जास्त. त्याचा अणूंचा ताळा मात्र जुळेल, कारण एक वजा करून दुसरा काढला आहे.

म्हणजे एका चुकीला एक ताळा पकडतो, दुसरीला दुसरा. मुलांना दोन्ही सवयीने करायला लावा, दोन मिनिटांचं काम आहे.

थळ_वायशेत (अलिबाग)

तिसऱ्या शंकेचं मी घेतो. ४०० चा नियम खरा आहे, पण तो ॲसिटिक आम्लासारख्या अभिक्रियेपुरता, जिथे एका रेणूचे दोन वेगवेगळे तुकडे होतात आणि अंशात क्ष × क्ष येतं. तिथे क्ष² ≈ स्थिरांक × संहती. क्षचा संहतीशी वाटा म्हणजे (स्थिरांक ÷ संहती) चं वर्गमूळ. तो ०.०५ च्या खाली हवा तर संहती ÷ स्थिरांक ४०० च्या वर हवं. ५ टक्के आणि ४०० हा एकच नियम आहे, दोन नाहीत.

तुमच्या गणितात अंशात ४क्ष² आहे. तिथे वाटा = (स्थिरांक ÷ (४ × संहती)) चं वर्गमूळ, म्हणून ४०० च्या जागी १०० पुरतं. इथे ०.१५० ÷ ०.००४६३ = ३२. शंभरला पोचतच नाही. वाटा ८.८ टक्के येतो, म्हणून क्ष सोडता येत नाही. अभिक्रियेतले गुणांक बदलले की हा आकडा बदलतो. तेव्हा ४०० पाठ करण्यापेक्षा क्ष काढून त्याला सुरुवातीच्या संहतीने भागून बघणं सोपं.

माडाच्या ताडीचा शिर्का घ्या. ४ टक्के ॲसिटिक आम्ल म्हणजे लिटरला ४० ग्रॅम, सुमारे ०.६७ मोल. स्थिरांक ०.००००१८. क्ष = ०.००३४६, वाटा अर्धा टक्का, सामू २.४६. छेदातला क्ष बेधडक सोडा. तेच आम्ल पाणी घालून ०.०००५ मोलरवर आणलं तर सोडून काढलेला क्ष ०.००००९४९, वाटा १९ टक्के. वर्गसमीकरणाने खरा क्ष ०.००००८६३ येतो. पदार्थ तोच, स्थिरांक तोच, नुसतं पाणी वाढलं आणि सोपी वाट बंद झाली.

क्ष सोडता येत नसेल तर वर्गसमीकरणाला पर्याय आहे. बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, तेव्हा मुलांना हा आवडतो. आलेला क्ष छेदात घालायचा, नवा क्ष काढायचा, तो पुन्हा छेदात.

क्ष = (०.००४६३ × उरलेला टेट्रॉक्साइड ÷ ४) चं वर्गमूळ

पहिली फेरी, उरलेला ०.१५०: क्ष = ०.०१३१८
दुसरी, उरलेला ०.१३६८२: क्ष = ०.०१२५८
तिसरी, उरलेला ०.१३७४२: क्ष = ०.०१२६१
चौथी, उरलेला ०.१३७३९: क्ष = ०.०१२६१

दोन फेऱ्यांत तोच आकडा आला की थांबायचं. आकडे खऱ्या उत्तराच्या एकदा वर, एकदा खाली जात जवळ येतात, त्यामुळे लागोपाठच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये उत्तर आहे हे प्रत्येक पायरीला कळतं. दुसऱ्या मुलाने चुकीचं काही केलं नाही. तो पहिल्याच फेरीला थांबला.

आता हे गणित ज्याने कुणी बनवलं त्याच्याबद्दल एक गंभीर तक्रार. टेट्रॉक्साइडचा उत्कलनबिंदू २१ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. २५ अंशाला त्याचा बाष्पदाब एक ॲटमॉस्फिअरहून जरासाच जास्त. तुमच्या उत्तरातल्या दोन्ही संहतींची बेरीज ०.१६२६, म्हणजे फ्लास्कमध्ये जवळजवळ ४ ॲटमॉस्फिअर दाब. एवढं वायुरूपात राहणारच नाही. बराचसा द्रव होऊन तळाला बसेल आणि काढलेल्या संहती कागदावरच राहतील. मुलांना हेच गणित ०.०३० मोल घेऊन द्या. सुरुवात ०.०१५०, क्ष = ०.००३६३, डायऑक्साइड ०.००७२६, टेट्रॉक्साइड ०.०११३७, एकूण दाब अर्ध्या ॲटमॉस्फिअरच्याही खाली. अणूंचा ताळा: ०.०२२७४ + ०.००७२६ = ०.०३०००.

यात शिकवण्यासारखं जास्त आहे. पहिल्या गणितात ८.४ टक्के टेट्रॉक्साइड फुटतो, इथे २४ टक्के. विरळ केलं की फुटण्याचं प्रमाण वाढतं हे आकड्यांतच दिसतं. शिवाय क्ष सोडला तर वाटा २८ टक्के येतो, म्हणजे मुलांना सोडायचा मोहही होणार नाही. फेऱ्या मात्र पाच-सहा लागतात, वर्गसमीकरणच बरं.

मिरकरवाडा_ताई (रत्नागिरी)

बाष्पदाबाचं लक्षातच आलं नव्हतं. गणित बदलते. अणूंचा ताळा उद्यापासून सक्तीचा.

ऋण मुळांचं मात्र राहिलं. आणि त्याला जोडून: हायड्रोजन आणि आयोडीनच्या गणितात उलट दोन्ही मुळं धन आली. ४३० अंशाला केसी ५४.३, हायड्रोजन ०.१००, आयोडीन ०.०५०. मुळं ०.०४६९ आणि ०.११५०. मुलं म्हणतात, दोन्ही धन, मग निवडायचं कसं?

देवबाग_तारकर्ली (मालवण)

बरो प्रश्न आसा. मूळ धन की ऋण हे बघून निवडूच नये, ही सवय इथेच मोडायला हवी. तक्त्यातली प्रत्येक संहती काढायची आणि ज्या मुळाने एकही संहती ऋण होत नाही ते ठेवायचं. असं मूळ एकच निघतं.

ऋण मुळांचं गणित आधी. अभिक्रिया कुठल्या बाजूला जाणार हे क्यूने ठरवा. क्यू म्हणजे केसीचंच सूत्र, पण सुरुवातीच्या संहती घालून. ०.०५० चा वर्ग ०.००२५, भागिले ०.१००, म्हणजे ०.०२५. केसी ०.००४६३. क्यू मोठा, म्हणजे डायऑक्साइड प्रमाणाबाहेर आहे, अभिक्रिया मागे जाणार. तुम्ही टेट्रॉक्साइड कमी होतो असं धरलंत, तो प्रत्यक्षात वाढतो, म्हणून क्ष ऋण. मांडणी चुकलेली नाही, उत्तरानेच दिशा दुरुस्त करून दिली.

मागे जाणारी मांडणी: टेट्रॉक्साइड ०.१०० + य, डायऑक्साइड ०.०५० − २य.

४य² − ०.२०४६३य + ०.००२०३७ = ०

मुळं ०.०१३५४ आणि ०.०३७६२. दुसऱ्याने डायऑक्साइड ०.०५० − ०.०७५२ म्हणजे ऋण होतो, ते बाद. पहिल्याने डायऑक्साइड ०.०२२९३, टेट्रॉक्साइड ०.११३५४. दोन्ही ताळे करा: केसी ०.००४६३, अणूंची बेरीज ०.२२७०८ + ०.०२२९३ = ०.२५००१. सुरुवातीला ०.२५० होती. शेवटचा एक गोळाबेरजेचा.

मग क्यू काढायचाच कशाला? दोन कारणं. क्ष सोडायचा असेल किंवा फेऱ्यांनी उत्तर काढायचं असेल तर दिशा आधी माहीत असावी लागते, नाहीतर वर्गमूळाखाली भलतंच काहीतरी येऊन बसतं. आणि क्यू नेमका केसीएवढा निघाला तर पुढे काही सोडवायचंच नाही, सुरुवातच समतोल आहे. पेपरात असा प्रश्न येतो आणि मुलं पानभर गणित करत बसतात.

आयोडीनचं. ५०.३क्ष² − ८.१४५क्ष + ०.२७१५ = ०. फ्लास्कमध्ये आयोडीन ०.०५० च आहे, त्यातून ०.११५० वजा कुठून होणार? ते मूळ बाद. क्ष = ०.०४६९४. हायड्रोजन ०.०५३०६, आयोडीन ०.००३०६, हायड्रोजन आयोडाइड ०.०९३८८.

या गणितात खरा सापळा वेगळा आहे. केसी मोठा असला की जो कमी घेतलेला असतो तो जवळजवळ संपतो. ०.०५० मधून ०.०४६९४ वजा करताना पुढचे अंक एकमेकांना खातात आणि शेवटचे एक-दोन सार्थ अंक उरतात. क्ष ०.०४७ असा गोळा केला तर आयोडीन ०.००३० येतो आणि केसीचा ताळा ५५.६ दाखवतो. ०.०५ केला तर आयोडीन शून्य! क्षमधली चूक हजारात एखादी, आयोडीनमधली शंभरात दोन. म्हणून मधल्या पायऱ्यांत एक-दोन अंक जास्तच ठेवायचे आणि गोळाबेरीज सगळ्यात शेवटी.

त्याहून चांगलं म्हणजे उलटीकडून मोजणं. अभिक्रिया आधी कागदावर पूर्ण होऊ द्या: आयोडीन ०, हायड्रोजन ०.०५०, आयोडाइड ०.१००. मग तिथून य एवढी मागे येऊ द्या: आयोडीन य, हायड्रोजन ०.०५० + य, आयोडाइड ०.१०० − २य. आता य छोटा आहे आणि तोच आयोडीन आहे, मोठ्या आकड्यातून मोठा आकडा वजा करण्याची वेळच येत नाही.

य = (०.१०० − २य)² ÷ ५४.३(०.०५० + य)

उजवीकडे य शून्य घेतला तर ०.००३६८. तो घालून ०.००२९४, मग ०.००३०८, मग ०.००३०६ आणि तिथेच थांबतो. केसी जितका मोठा तितकी ही वाट जवळची. केसी लहान असेल तर सुरुवातीपासून पुढे जा, मोठा असेल तर शेवटापासून मागे या. कुठल्याही टोकाने निघालात तरी समतोल तोच येतो, कारण अणू तेच आहेत.

आणखी एक. या अभिक्रियेत दोन रेणूंचे दोनच होतात, म्हणून फ्लास्कचं आकारमान सूत्रातून उडून जातं. इथे मोल घालून मोलच काढले तरी चालतं. मुलं बहुतेक हेच गणित आधी शिकतात आणि लिटरने न भागण्याची सवय इथूनच लागते असं माझं मत आहे. पहिलं गणित टेट्रॉक्साइडचंच द्यावं.

खाजणकाठ (पालघर)

वरचं सगळं बंद फ्लास्कचं झालं. किनाऱ्यावर कोळंबीच्या तलावात रोज लागणारं समतोलाचं गणित आहे, आणि तिथे हा तक्ता मांडला तर उत्तर चुकतं. का ते सांगण्यासारखं आहे.

उरलेलं खाद्य आणि विष्ठा यांतून पाण्यात अमोनिया येतो. त्याचा काही भाग अमोनियम आयन होऊन राहतो, काही मुक्त अमोनिया. घातक असतो तो मुख्यतः मुक्त अमोनिया, कारण तो कल्ल्यांतून सहज आत जातो. चाचणीच्या किटमध्ये मात्र दोन्हींची बेरीज दिसते. म्हणून वाटणी हिशेबाने काढावी लागते.

शिकवणीतला मुलगा म्हणेल, सुरुवातीला अमोनियम इतका, क्षने कमी, हायड्रोजन आयन क्ष. इथेच गाडी घसरते. तलावातला हायड्रोजन आयन अमोनियाने ठरत नाही. तो कार्बोनेट-बायकार्बोनेट आणि पाण्यातलं हिरवं शेवाळ ठरवतं. सामू मीटरने मोजलेला आहे, तो ज्ञात आकडा आहे, त्याला क्ष करायचंच नाही. मग वर्गसमीकरण उरत नाही, साधं गुणोत्तर उरतं:

अमोनियम ÷ मुक्त अमोनिया = १० चा (पीकेए − सामू) वा घात

पीकेए म्हणजे आम्ल-स्थिरांकाचा ऋण लॉग. गोड्या पाण्यात अमोनियमचा पीकेए २५ अंशाला ९.२५, ३० अंशाला ९.१०. समजा पाणी ३० अंश, एकूण अमोनिया नायट्रोजन लिटरला १ मिलिग्रॅम. सामू ८.० असताना गुणोत्तर साडेबाराच्या आसपास, मुक्त वाटा ७.४ टक्के, ०.०७४ मिलिग्रॅम. सामू ८.५ ला वाटा २० टक्के. सामू ९.० ला ४४ टक्के, ०.४४ मिलिग्रॅम. अमोनिया कणभरही वाढला नाही आणि विष सहापट झालं.

म्हणून मोजणीची वेळ महत्त्वाची. दिवसभर उन्हात शेवाळ कार्बन डायऑक्साइड खातं आणि दुपारनंतर सामू चढलेला असतो. पहाटे तो सगळ्यात खाली असतो. पहाटेच्या सामूवर काढलेला आकडा दुपारी लागू करू नका. किटचा नमुना आणि सामू एकाच वेळी घ्या, तापमानही तेव्हाच लिहा.

चुना टाकताना हे गणित आधी करा. चुनकळी किंवा विरवलेला चुना सामू झटकन वर नेतो आणि अमोनियमचा मुक्त अमोनिया करतो. एकूण अमोनिया चढलेला असताना चुना टाकणं म्हणजे आगीत तेल. आधी खाद्य कमी, पाणी बदल, एरेटर चालू. पाण्याची अल्कधर्मिता कमी आहे म्हणून काही द्यायचंच असेल तर शेतीचा चुना, म्हणजे दळलेला चुनखडक, सौम्य पडतो.

दोन बारीक गोष्टी. किटवर ‘अमोनिया नायट्रोजन’ लिहिलंय की नुसतं ‘अमोनिया’ ते बघा. पहिल्याला १७ ने गुणून १४ ने भागलं की दुसरा मिळतो, सुमारे १.२१ पट. आणि खाडीच्या खाऱ्या पाण्यात पीकेए थोडा वर सरकतो, त्यामुळे मुक्त वाटा वरच्या आकड्यांपेक्षा काहीसा कमी निघतो. चूक झाली तर ती सावधगिरीच्या बाजूला होते, म्हणून रोजच्या कामाला हे आकडे चालतात.

थळ_वायशेत (अलिबाग)

खाजणकाठ यांनी अमोनियाचा विषय काढलाच आहे, तर ज्या गणिताला मुलं घाबरतात ते इथेच टाकतो: नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया. आमच्या थळच्या खत कारखान्यात जो अमोनिया होतो तो याच अभिक्रियेने. तक्ता मांडला की चौथ्या घाताचं समीकरण उभं राहतं आणि मुलं पेन खाली ठेवतात. पण नायट्रोजन आणि हायड्रोजन १ ला ३ या प्रमाणात घेतले असतील तर ते वर्गसमीकरणच आहे.

समतोलाला अमोनियाचा मोल-अपूर्णांक य धरा. उरलेल्या (१ − य) चा पाव भाग नायट्रोजन, पाऊण भाग हायड्रोजन. प्रत्येकाला एकूण दाबाने गुणून आंशिक दाब काढा आणि केपीच्या (आंशिक दाबांवरून काढलेल्या समतोल स्थिरांकाच्या) सूत्रात घाला. वर य चा वर्ग, खाली (१ − य) चा चौथा घात. दोन्ही पूर्ण वर्ग आहेत! दोन्ही बाजूंचं वर्गमूळ घ्या:

य ÷ (१ − य)² = दाब × (केपी × २७ ÷ २५६) चं वर्गमूळ

४५० अंश सेल्सिअसला केपी सुमारे ०.००००४५ (दाब ॲटमॉस्फिअरमध्ये). २०० ॲटमॉस्फिअरला उजवी बाजू ०.४३६. सोडवा: य = ०.२४७. म्हणजे समतोलाच्या मिश्रणात जेमतेम पाव भाग अमोनिया. दुसरं मूळ एकाहून मोठं येतं, मोल-अपूर्णांक एकाहून मोठा असत नाही, ते बाद.

इतक्या दाबाला वायू आदर्श वागत नाहीत, तेव्हा हा आकडा अंदाजाचा आहे, पण अंदाज बरा आहे. कारखान्यात वायू एकदाच फिरवून का सोडत नाहीत याचं उत्तर याच पाव भागात आहे: अमोनिया थंड करून द्रवरूपात काढून घेतात आणि उरलेला नायट्रोजन-हायड्रोजन परत फिरवतात.

प्रमाण १ ला ३ नसेल तर वर्गमूळाची युक्ती चालत नाही. तेव्हा समीकरण सोडवत बसू नका. य ला शून्य आणि शक्य तेवढी कमाल किंमत यांच्या मधोमध घ्या, क्यू काढा, केपीहून लहान असेल तर वरचा अर्धा भाग, मोठा असेल तर खालचा. दहा वेळा अर्धं केलं की हजारातल्या एकापर्यंत उत्तर बसतं. एक्सेलमध्ये हेच काम ‘गोल सीक’ करतं, पण त्याला सुरुवातीचा अंदाज शक्य त्या पट्ट्यातला द्यावा लागतो, नाहीतर ते खुशाल ऋण संहती काढून देतं.

मिरकरवाडा_ताई (रत्नागिरी)

०.०३० मोलचं गणित आज घातलं. सहा जणांचं ०.००७२६ आलं. एकाचं ०.००८३३, केसीच्या ताळ्यात पकडलं, छेदात ०.०१५० तसेच ठेवले होते. एकीचं ०.०१०७, तिचा केसीचा ताळा जुळला पण अणूंची बेरीज ०.०६० आली. तिची चूक तिनेच शोधली.

खाजणकाठ, एक विचारायचं राहिलं. किटमध्ये रंग जुळवताना नमुन्यात क्षारीय द्रावण टाकतात. त्याने सामू चढून वाटणी बदलणार. मग किटचा आकडा धरायचा कसा?

खाजणकाठ (पालघर)

वाटणी बदलते, बेरीज बदलत नाही, आणि किट बेरीजच मोजतं. सामू मुद्दाम चढवतात, कारण रंग देणारी अभिक्रिया क्षारीय द्रावणातच नीट होते. वाटणी काढताना वापरायचा तो तलावातला सामू, द्रावण टाकलेल्या नळीतला नव्हे. नमुना मात्र बाटलीत दुपारभर ठेवून मग मोजू नका, बेरीजच बदलते: जिवाणू आणि शेवाळ बाटलीतही अमोनिया खात राहतात, आणि झाकण उघडं राहिलं तर मुक्त अमोनिया उडूनही जातो. काठावरच मोजा. नाहीच जमलं तर बाटली काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी मोजून टाका.